जुन्या अद्भुत कादंबऱ्यांची रेडिओ-नाटकं ऐकायची कशी?

‘आधी पुस्तक वाचू की आधी ऐकू?’ रेडिओ-नाटकांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: गोष्ट ठाऊक असेल तर उत्तमच. हे सहसा कोणाला पटत नाही. सगळं आधीच कळलं तर मजा काय राहिली, असा चेहरा होतो. मग मी पुण्याचंच उदाहरण देते. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गीत अशी वर्षभरात ५६ गीतं झाली. रामाचं पुढे काय होणार हे ऐकणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं? तरी वेळ झाली की लोक रेडिओपाशी येऊन बसत.

अद्भुत कादंबरीचं नाटक ऐकताना कानांना एकाच वेळी तीन कामं करावी लागतात: बोलतंय कोण, ते आहेत कुठे आणि घडतंय काय. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला चौथंही काम येतं. इंग्रजी समजून घ्यायचं, तेही ब्रिटिश नटांचं, आणि मध्येच एखादं पात्र तिकडच्या गावाकडच्या ढंगात बोलायला लागतं. ‘घडतंय काय’ हे ओझं आधीच उतरवून ठेवलं तर बाकीच्यासाठी कान मोकळे राहतात. पुढच्या बहुतेक सूचना याच हिशेबानं केल्या आहेत.

गोष्ट ठाऊक करून घ्यायला अख्खं पुस्तक वाचलंच पाहिजे असं नाही. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सनं काढला आहे. त्यातली सुरुवातीची काही प्रकरणं वाचली तरी पात्रांची ओळख होते. दोन पानांचा सारांशही चालेल. सिनेमा पाहिलेला असेल तर गोष्ट कळलेली असते, पण एक अडचण होते. सिनेमातले चेहरे डोक्यात घट्ट बसलेले असतात आणि रेडिओवरचा आवाज त्या चेहऱ्यांना लागू पडत नाही. पहिले दोन भाग भांडणात जातात, मग जमतं.

ऑडिओबुक वेगळं, रेडिओ-नाटक वेगळं

हा फरक शोधाशोध करण्याआधी पक्का करून घ्या, नाहीतर भलतंच विकत घ्याल. ऑडिओबुकमध्ये एकच माणूस पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची अशी दोन वाचनं प्रसिद्ध आहेत, एक रॉब इंग्लिसचं आणि दुसरं अँडी सर्किसचं. दोन्ही चांगली आहेत, पण ती नाटकं नव्हेत. रेडिओ-नाटकात, म्हणजे आपल्या आकाशवाणीच्या भाषेत नभोनाट्यात, पुस्तकाची संहिता नव्यानं लिहिलेली असते. वर्णनं कापलेली असतात, प्रत्येक पात्राला वेगळा नट असतो, पावलं, पाऊस, घोडे, संगीत सगळं असतं. पुस्तकाच्या मानानं वेळ बराच कमी लागतो आणि लक्ष बराच जास्त. भांडी घासताना ऑडिओबुक ऐकता येतं. नाटक ऐकायला बसाल तर नळाच्या आवाजात नेमकं ते एक कुजबुजलेलं वाक्य जाईल ज्यावर पुढचा अर्धा तास उभा असतो.

सुरुवात तासाभराच्या नाटकानं करा

थेट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर उडी नको. तो तेरा तासांचा ऐवज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भागात पाय घसरला की माणूस परत फिरकत नाही.

पहिला प्रयोग म्हणून माझी शिफारस अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘ड्रॅक्युला’ची. त्याच्या मर्क्युरी थिएटरनं ११ जुलै १९३८ ला अमेरिकेच्या सीबीएस रेडिओवर हे नाटक केलं. त्यांच्या मालिकेतलं हे पहिलंच. काटेकोर बोलायचं तर ही भयकथा आहे, परीराज्य किंवा जादूगारांची गोष्ट नव्हे. पण कान तयार करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं मला सापडलेलं नाही. ब्रॅम स्टोकरची मूळ कादंबरी, १८९७ ची, डायऱ्या, पत्रं आणि तारा यांतून सांगितलेली आहे. त्यामुळे रेडिओवर जो तो आपली डायरी आपल्या आवाजात सांगतो आणि निवेदक आणायचा कुठून हा प्रश्नच उरत नाही. बोलणारा आपलं नाव, जागा, तारीख सांगूनच सुरुवात करतो. नवख्या श्रोत्याला यापेक्षा काय हवं? वेल्स स्वतः यात ड्रॅक्युला आहे आणि डॉक्टर सीवर्डही आहे. एकाच गळ्यातून निघालेले हे दोन आवाज ओळखू येतात का बघा. संगीत बर्नार्ड हरमनचं आहे. ध्वनिमुद्रण जुनं, खरखर भरपूर, पण थोड्या वेळानं कान ती खरखर बाजूला सारतात. याच मंडळींनी पुढे ३० ऑक्टोबर १९३८ ला ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ केलं. ते गाजलं जास्त, पण ऐकायला ‘ड्रॅक्युला’ मला उजवं वाटतं.

इंग्रजीची धास्ती असेल तर त्याच्याही आधी विविध भारतीवरचं ‘हवा महल’ ऐका. पाव तासाची हिंदी नाटुकली. आवाजावरून माणूस ओळखायची सवय त्यातून लागते. मराठी श्रुतिका आकाशवाणी पुणे केंद्रावर लागतात. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला ते लागतं, पण मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे यांच्या गराड्यात मीडियम वेव्ह नुसती करकरते. न्यूजऑनएअर अॅपवर तेच केंद्र स्वच्छ ऐकू येतं. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवा. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ मालिकेतल्या टेकाडे भावजींच्या आवाजावर वाढलेली ही पिढी ऐकण्यात आपल्या कितीतरी पुढे आहे. इंग्रजी शब्द निसटला तरी ‘हा खोटं बोलतोय’ हे त्यांना आधी कळतं.

मग ‘हॉबिट’, त्यानंतर ‘रिंग्ज’

टॉल्किनच्याच १९३७ च्या ‘द हॉबिट’चं (हॉबिट म्हणजे त्याच्या जगातली बुटकी माणसं) बीबीसीनं १९६८ मध्ये केलेलं रूपांतर आठ भागांचं आहे. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, म्हणजे एकूण चार तास. संहिता मायकेल किलगॅरिफची, नायक बिल्बो झालाय पॉल डेनमन. निवेदक गोष्ट सांगत असतो आणि बिल्बो मध्येच तोंड घालून आपली बाजू मांडतो, ही यातली गंमत. नावांचे उच्चार मात्र विचित्र आहेत. गॅन्डाल्फ या जादूगाराचं नाव घेताना जोर भलत्याच अक्षरावर पडतो. टॉल्किनचे कट्टर वाचक यावर नाकं मुरडतात. मुलांना घेऊन ऐकायचं असेल तर हे बरं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची बीबीसीनं दोनदा नाटकं केली. १९५५-५६ मध्ये बारा भागांचं एक झालं. ते खुद्द टॉल्किनलाही पसंत पडलं नव्हतं. आपल्याला ऐकायचं आहे ते १९८१ चं. ब्रायन सिब्ली आणि मायकेल बेकवेल यांनी लिहिलेलं, अर्ध्या-अर्ध्या तासाचे २६ भाग, ८ मार्च १९८१ च्या रविवारी सुरू झालेलं. इयन होम नायक फ्रोडो, मायकेल हॉर्डर्न गॅन्डाल्फ, रॉबर्ट स्टीफन्स अरागॉर्न, बिल नाय सॅम. गॉलमचा आवाज पीटर वुडथॉर्पचा, आणि त्यासाठी तरी हे नाटक ऐकाच. एकाच वाक्यात तो लाडीगोडी लावतो, कण्हतो आणि दात-ओठ खातो. हाच इयन होम पुढे २००१ च्या सिनेमात बिल्बो म्हणून दिसला.

याच्या दोन आवृत्त्या फिरतात. मूळ २६ भाग, आणि नंतर जोडून केलेले तासाचे १३ भाग. २००२ मध्ये सीडीवर आलेल्या संचांत कादंबरीच्या तीन खंडांप्रमाणे तीन गट पाडले आणि फ्रोडोच्या तोंडी सुरुवातीचं व शेवटचं निवेदन इयन होमकडून नव्यानं करून घेतलं. नवीन माणसाला ही आवृत्ती सोपी जाते, कारण प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला मागचं काय झालं ते कळतं. पण तासाचा भाग एका दमात ऐकू नका. तो मुळात दोन भागांचा जोड आहे, त्यामुळे साधारण मध्यावर श्वास घ्यायची जागा सापडते. तिथे थांबवा.

मिळवायचं कुठून

मर्क्युरी थिएटरची नाटकं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. एकाच नाटकाच्या बऱ्याच प्रती असतात. पहिली उघडली आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला म्हणून सोडून देऊ नका, दुसरी-तिसरी प्रत लावून बघा.

बीबीसीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. बीबीसी साउंड्स हे अॅप २०२५ च्या जुलैपासून ब्रिटनबाहेर बंद झालं आहे. जुन्या लेखांत अजून त्याचीच शिफारस सापडते, त्यात वेळ घालवू नका. बीबीसीच्या संकेतस्थळावरचा ऑडिओ विभाग आणि वर्ल्ड सर्व्हिसचे पॉडकास्ट आपल्याकडे ऐकता येतात. जुनी मोठी नाटकं विकतच घ्यावी लागतात. ऑडिबल या ऑडिओबुक विकणाऱ्या संकेतस्थळावर शोधताना पुस्तकाच्या नावापुढे ‘ड्रॅमटायझेशन’ किंवा ‘फुल कास्ट’ हे शब्द इंग्रजीत जोडा, नाहीतर वर सांगितलेली एकट्याची वाचनंच समोर येतील. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: एकूण वेळ आणि नटांची यादी. ‘रिंग्ज’ची लांबी तेराच्या आसपास दिसली आणि खाली आठ-दहा नावं दिसली तर ते नाटक. पन्नास-साठ तास दिसले तर वाचन. नमुन्याची दोन-चार मिनिटं ऐकायला मिळतात, तीही ऐकूनच पैसे टाका.

कोणाकडे सीडीचा संच असेल आणि लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल, तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो. तिथेच इअरफोनचं एकाचे दोन करणारं स्प्लिटर आणि स्पीकरची वायरही घेऊन टाका, पुढे लागणार आहे.

फायली घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. अर्ध्या तासाचा भाग १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सुमारे २९ एमबीचा होतो, म्हणजे २६ भागांना साडेसातशे एमबी लागतात. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट गेली आणि राउटर बंद पडला तरी अडत नाही. उलट गुरुवारची ती वेळ ऐकायला फार चांगली: पंखा बंद, फ्रिज बंद, वरच्या मजल्यावरचा मिक्सरही बंद.

फोनमध्ये चार गोष्टी बदला

यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. पॉडकास्टच्या बऱ्याच अॅपमध्ये शांतता गाळून टाकायची सोय असते. गप्पांच्या पॉडकास्टला ती ठीक, नाटकाला ती मारक. दार ठोठावल्यावर कोणी उत्तर देत नाही, ती दोन सेकंदं लेखकानं मोजून ठेवलेली असतात आणि अॅप ती कापून पुढे पळतं. मग भीती वाटत नाही आणि आपण म्हणतो, जुनं आहे, रटाळ आहे. ही सोय बंद करा.

दुसरं, वेग. सव्वापट-दीडपटीची सवय लागलेली असेल तर ती मोडा. नटानं घेतलेला श्वाससुद्धा वेळेत बसवलेला असतो.

तिसरं, दोन्ही कान. स्टिरिओ नाटकात पात्रं डावी-उजवीकडे उभी केलेली असतात. एकच इअरबड लावून ऐकलं तर अर्धी माणसं गायब. एका कानानं कमी ऐकू येत असेल, किंवा घराकडे लक्ष ठेवायला एक कान मोकळा हवाच असेल, तर फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. बाजू कळणार नाहीत, पण वाक्य गळणार नाही.

चौथं, आवाजाची पातळी. नाटकात कुजबुज आणि लढाई यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुजबुज नीट कळेल इतका आवाज ठेवला की लढाईला दचकायला होतं. प्लेयरमध्ये ‘नॉर्मलायझेशन’ किंवा ‘नाइट मोड’ असेल तर रात्री तो वापरा, दिवसा नको. आणि साध्या गाण्यांच्या प्लेयरपेक्षा ऑडिओबुकचा प्लेयर घ्या. तो थांबलेली जागा लक्षात ठेवतो. गाण्यांचा प्लेयर फाइल परत पहिल्यापासून लावतो, आणि ‘शफल’ चालू राहिलं असेल तर शेवटाकडे फ्रोडो मॉर्डॉरला पोचल्यावर एकदम सुरुवातीचा बिल्बोचा वाढदिवस सुरू होतो.

नावांचा कागद

हे काम कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पुस्तकात दोन सारखी नावं डोळ्यांना वेगळी दिसतात. कानांना दिसत नाहीत. म्हणून ऐकायला बसण्याआधी एका कागदावर नावं लिहायची, देवनागरीत आणि उच्चाराप्रमाणे, आणि पुढे चार शब्दांत ओळख. ‘रिंग्ज’साठीचा माझा कागद असा आहे:

सॉरॉन – त्याच्याबद्दल सगळे बोलतात. सारुमान – जादूगार, स्वतः बोलतो.
मोरिया – डोंगराखालची खाण. मॉर्डॉर – शत्रूचा मुलूख.
बोरोमिर थोरला, फारामिर धाकटा, बाप डेनेथॉर.
एओमर भाऊ, एओविन बहीण, थेओडेन राजा त्यांचा मामा.
अरागॉर्न = स्ट्रायडर. गॉलम = स्मिगॉल.
मेरी, पिपिन – दोघं हॉबिट, जोडीनंच येतात. मेरी हा मुलगा.

शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. नाव नुसतं कानावर पडलं की मेरी ही बाईच वाटते आणि भागभर ती बाई बोलत का नाही म्हणून आपण वाट पाहत बसतो. कागद पंधरा नावांच्या वर जाऊ देऊ नका. ज्याचं नाव दोनदा आलं नाही तो कागदावर नको. ऐकता ऐकता समोर आवाजाची खूण लिहा: ‘घोगरा’, ‘नाकात’, ‘थकलेला’, ‘सावकाश’. दोन-तीन भागांनंतर कागदाकडे बघावं लागत नाही.

कुठे आणि केव्हा

दुचाकीवर नको. इअरफोन लावून गाडी चालवणं धोक्याचं, आणि कर्वे रोडच्या हॉर्नमध्ये कोणताही जादूगार टिकत नाही. मेट्रो चालते. वनाजला बसून रामवाडीला उतरेपर्यंत अर्ध्या तासाचा एक भाग साधारण होतो. मात्र स्वारगेटच्या मार्गावर शिवाजीनगरपासून पुढे गाडी भुयारात शिरते आणि खडखडाट वाढतो. तिथे बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन नसतील तर पुस्तक काढा. टेकडीवर सकाळी चालताना ऐकणारे बरेच आहेत. मला ते अर्धवट वाटतं, ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच.

घरातलं म्हणाल तर कुकर लावायच्या आधी किंवा रात्री दहानंतर. मे महिन्यात पंखा बंद करता येत नाही, त्यामुळे स्पीकर विसरा आणि इअरफोन लावा. पावसाळ्यात शेजारी पत्र्याची शेड असेल तर तेच. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने नदीपात्राजवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळ धरूच नये, ढोल-ताशा पथकांचा सराव रंगात आलेला असतो. झोपताना ऐकायची सवय असेल तर निदान पहिल्या फेरीत टाळा. टायमर लावला तरी झोप कुठे लागली ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो धागा शोधण्यात पंधरा मिनिटं जातात.

आठवड्याला किती? दोन भाग, फार तर तीन. मूळ प्रसारणात लोकांना एका भागासाठी आठवडाभर थांबावं लागत होतं आणि संहिता त्या बेतानं लिहिलेली आहे. सलग पाच भाग ऐकले की भागाच्या शेवटी टांगून ठेवलेल्या प्रसंगांचा काही परिणामच राहत नाही.

ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचं

रेडिओवर जागा बदलली हे कोणी सांगत नाही, ते आवाजावरून ओळखायचं असतं. पाऊस जोरात पडतोय. कडी वाजते, पाऊस आणखी मोठा होतो, पावलं येतात, दार आपटतं, आणि पाऊस एकदम दबतो. आपण घरात आलो. ‘मी आत आलो’ हे वाक्य कोणीही म्हटलेलं नसतं. आवाज घुमायला लागला की गुहा किंवा मोठा दिवाणखाना. अजिबात घुमत नसेल तर मोकळं मैदान. नट तुमच्या कानाशी आल्यासारखा, श्वासासकट ऐकू आला तर बहुतेक वेळा तो मनातलं बोलतोय, समोरच्या पात्राला ते ऐकू जात नाही. संगीत वर चढून उतरलं की मध्ये वेळ गेला, कधी तासभर, कधी महिनाभर. किती, ते पुढच्या दोन-तीन वाक्यांत कळतं. म्हणून प्रसंग बदलला आणि काही उमगलं नाही तर लगेच मागे जाऊ नका. थोडं थांबा, बहुतेक वेळा उलगडतं. नाहीच उलगडलं तर अर्धा मिनिट मागे. त्यापेक्षा जास्त मागे गेलात तर त्या दिवशी मन दुसरीकडे आहे, बंद करा.

एक गोष्ट खटकेल. पात्रं एकमेकांना दिसत असलेल्या गोष्टी बोलून दाखवतात. पूल तुटलेला दोघांनाही दिसत असतो, तरी एक जण ओरडून सांगतो की पूल तुटला. ही रेडिओची गरज आहे. चांगला लेखक ते भीतीत किंवा भांडणात लपवतो, आळशी लेखक लपवत नाही. कोण कसं लपवतो हे बघणं हाही एक छंद होतो.

लढाया हा रेडिओचा दुबळा भाग. तलवारींचा खणखणाट आणि आरडाओरडा यातून कोण जिंकतंय ते कळत नाही. १९८१ च्या नाटकात यावर काढलेला तोडगा मला आवडतो. पेलेनॉरच्या मोठ्या लढाईचा काही भाग जुन्या वीरकाव्यासारखा गाऊन सांगितला आहे, स्टीफन ऑलिव्हरच्या संगीतात. शाहिरी पोवाडे कानावर पडलेल्या आपल्या लोकांना ते परकं वाटत नाही.

चार जणांत ऐकायचं असेल तर

बैठक चार ते सहा जणांची ठेवा. दोन वेगळे स्पीकर असतील तर ते एकमेकांपासून जितके लांब तितकंच ऐकणाऱ्यांचं त्यांच्यापासूनचं अंतर ठेवा, म्हणजे डावं-उजवं नीट कळतं. एकच ब्लूटूथचा डबा असेल तर तो भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नका. तिथे आवाज बुडबुडतो आणि शब्द फुटतात. तो टेबलावर, बसलेल्यांच्या कानांच्या उंचीला ठेवा. दोघंच असाल तर स्प्लिटर काढा.

अर्धा तास ऐकायचं, मग चहा, मग वाटलं तर आणखी अर्धा तास. चहाच्या आधी बोलायचं नाही. पुस्तक वाचलेला एक जण असतोच आणि ‘पुस्तकात इथे असं नाहीये’ हे सांगायला त्याची जीभ वळवळत असते. त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या, काय ते लिहून ठेव म्हणावं. लहान मुलांना गप्प बसवायचा हट्ट नको. त्यांना रंगीत खडू द्या आणि ऐकता ऐकता चित्र काढू द्या. मुलांनी काढलेले गॉलम एकमेकांसारखे कधीच नसतात.

काय गाळलं, काय घातलं

नाटक संपल्यावर पुस्तक उघडायची खरी वेळ. ‘रिंग्ज’च्या नाटकात टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खं गाळलेलं आहे. पुस्तकप्रेमी यावर अजून भांडतात. मला विचाराल तर सुरुवातीच्या भागांत कथेला घाई आहे आणि तो तिथे अडसर झाला असता. उलट सारुमानचा हस्तक वर्मटंग याला शत्रूच्या स्वारांनी पकडल्याचा एक प्रसंग मुख्य कादंबरीत नाही. टॉल्किनच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनातून तो उचलला आहे. वगळलेल्या बॉम्बाडिलवर सिब्लीनं १९९२ मध्ये वेगळं नाटक केलं. एखादं आवडतं प्रकरण घ्या, आधी वाचा, मग तेवढाच भाग परत ऐका. चार पानांचं वर्णन एका घुबडाच्या घूत्कारात कसं बसवलं ते कळतं. ज्यांना एकांकिका लिहायच्या आहेत त्यांनी तर हे करावंच.

यानंतर

सिब्लीचंच बोट धरून पुढे जाता येतं. त्यानं मर्विन पीकच्या गॉर्मनघास्ट कादंबऱ्यांवर १९८४ मध्ये नाटकं केली. त्यात स्टीअरपाइक हा खलनायक झालाय गायक स्टिंग. टी. एच. व्हाइटच्या ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’चं त्याचं सहा भागांचं रूपांतर २०१४ चं आहे. नार्नियाच्या सातही पुस्तकांची नाटकं त्यानं बीबीसीसाठी केली. मुलांसाठी ती चांगली, मोठ्यांना थोडी बाळबोध वाटतील. उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’चं २०१५ चं रूपांतर ज्युडिथ अ‍ॅडम्सचं आहे. ते शांत, संथ आहे. लढायांचा कंटाळा आला असेल तर आधी ते घ्या. गॉर्मनघास्ट मात्र शेवटी ठेवा, त्यातली माणसं बोलतात फार आणि हलतात कमी.

आणि सुझन कूपरच्या १९७३ च्या ‘द डार्क इज रायझिंग’चं बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं केलेलं बारा भागांचं नाटक. रूपांतर रॉबर्ट मॅकफार्लन आणि सायमन मॅकबर्नी यांचं. पहिला भाग २० डिसेंबर २०२२ ला आला, म्हणजे कादंबरी सुरू होते त्याच तारखेला. तेव्हा घाई करू नका. भाग आधी उतरवून ठेवा आणि २० डिसेंबरलाच सुरुवात करा. याचं ध्वनिमुद्रण इअरफोन डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, आवाज मागून, बाजूनं, डोक्यावरून येतात. स्पीकरवर यातलं काहीच हाती लागत नाही. म्हणून हे बैठकीत लावू नका. ज्यानं त्यानं आपापल्या घरी ऐकावं आणि रविवारी चहाला जमून भांडावं.